फेरिटिन उतरलं, मग हृदयात लोह कसं? (टी-टू-स्टार एमआरआय आणि गुडघेदुखी)

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. लिहायची ही दुसरी वेळ. पहिली पुरणपोळी का फाटते यावर होती.

लेक पंधराची, थॅलेसेमिया मेजर. सात महिन्यांची होती तेव्हापासून रक्त चढतंय, सध्या दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. गेल्या दीड वर्षात लोह बाहेर काढायच्या गोळ्या अगदी काटेकोर केल्या. मोबाईलचा गजर, तिच्या बाबांचा ऑफिसातून फोन, सगळं. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) ४,१०० वरून १,९०० वर आलं. त्या दिवशी घरात शिरा केला होता, इतका आनंद.

मग नवीन डॉक्टरांनी हृदय आणि यकृताचा टी-टू-स्टार, म्हणजे लोहाचा अंदाज देणारा एमआरआय, करून आणायला सांगितला. आम्ही घराजवळच्या सेंटरला गेलो. त्यांनी पोटाचा नेहमीचा एमआरआय केला, वर शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं, त्याचे पैसे वेगळे. रिपोर्टात शेवटची ओळ: 'यकृतात लोह वाढल्याची शक्यता'. अहो, ते मला पंधरा वर्षं माहीत आहे! हृदयाचा उल्लेखसुद्धा नाही. डॉक्टरांनी तो कागद बघून मला परत दिला आणि मुंबईला पाठवलं.

मुंबईचा रिपोर्ट काल आला. हृदय (सेप्टम) ११.८ मिलिसेकंद. यकृत ३.४ मिलिसेकंद, म्हणजे ग्रॅममागे ७.७ मिलिग्रॅम लोह असं लिहिलंय. हृदयाचं पंपिंग ६१ टक्के, 'नॉर्मल'. खाली 'हृदयात मध्यम स्वरूपाचा लोहसंचय'.

आता माझी गोची अशी. फेरिटिन निम्म्यावर आलं, मग हृदयात लोह आलं कुठून? पंपिंग नॉर्मल आहे तर घाबरायचं का? आणि तीन महिन्यांपासून तिचे गुडघे दुखतात, जिना उतरताना कठड्याला धरते. हेही लोहच का? गुडघ्याचाही असा आकडा काढून मिळतो का?

---

वाफाळता_चहा

वाचतेय. यातलं काही कळत नाही, पण ताई, धीर धरा. जाणकार येतीलच.

---

लाल_पिशवी

ताई, मीपण मेजर. वय ३६. पिशव्या मोजणं दहावीनंतर सोडून दिलं.

माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर डॉक्टर लोक कान धरतील. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं. शरीर रोज बाहेर टाकतं एक-दोन मिलिग्रॅम, तेही कातडी झडून, आतड्याचं अस्तर गळून. जास्तीचं लोह बाहेर काढायला वेगळं दारच नाही. म्हणजे तुमच्या लेकीच्या अंगात दर तीन आठवड्यांना जवळपास अर्धा ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असतं. करा हिशेब.

फेरिटिन बघणं म्हणजे दुकानाच्या ओट्यावर मांडलेल्या पोत्यांवरून मागच्या गोदामातला माल ओळखणं. साधारण अंदाज येतो. पण ताप आला, दाढ सुजली, कावीळ झाली की ओट्यावरची पोती वाढतात, गोदाम होतं तेवढंच. शिवाय गोदामं बरीच आहेत. यकृताचं आधी भरतं, आणि औषध नीट घेतलं की काही महिन्यांत रिकामं व्हायला लागतं. हृदयाचं उशिरा भरतं, पण रिकामं व्हायला वर्षं घेतं. तुमच्या रिपोर्टात दिसतंय ते या वर्षीचं नसेल. आधी कधी गोळ्यांत खंड पडला होता का?

---

सोनचाफा

पडला होता. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या ती अडीच वर्षं. गोळ्या डब्यात तशाच सापडायच्या. तुमचा प्रतिसाद वाचून जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

---

लाल_पिशवी

ते मनाला लावून घेऊ नका. माझं फेरिटिन एकेकाळी ६,००० च्या वर होतं आणि मी आईशी खोटं बोलून पंपाची सुई काढून ठेवायचो. तेव्हा रात्रभर पोटात सुई टोचून डेस्फेरालचा, म्हणजे लोह काढायच्या औषधाचा, पंप लावावा लागायचा, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. सकाळी पोटावर सुपारीएवढ्या गाठी. आमच्या वॉर्डात रक्ताच्या दिवशी शेजारच्या खाटेवर असायचा तो मुलगा सतरा वर्षांचा असताना गेला, हृदय बंद पडून. त्याचा इको (हृदयाची सोनोग्राफी) त्याआधी चांगला आला होता. आत काय साठलंय ते बघायचं यंत्र आमच्या वाट्याला तेव्हा आलं नव्हतं. तुमच्या हातात आकडा आहे.

---

काळंपांढरं

रेडिऑलॉजिस्ट आहे. इथे कुणाचा रिपोर्ट तपासून देत नाही, फक्त समजावतो. लाल_पिशवी यांचं गोदाम मी आता पेशंटना सांगताना ढापणार.

आधी एक: टी-टू-स्टार जितका मोठा तितकं चांगलं. निम्मे पालक हे उलटं वाचतात आणि आकडा वाढला म्हणून रडतात. तो लोहाचा आकडा नाहीच, तो वेळ आहे.

एमआरआयला लोह थेट दिसत नाही. त्याला दिसतं पाणी. दिंडीत पन्नास टाळकरी एका ठेक्यावर पावली खेळतायत असं समजा. रस्ता सपाट असेल तर ठेका बराच वेळ टिकतो आणि लांबून एकच झणझणीत आवाज ऐकू येतो. रस्त्यात खड्डे असले की कुणाचं पाऊल मागे, कुणाचं पुढे. टाळ तेवढ्याच जोराने वाजतात, पण एकात एक मिसळून नुसता कलकलाट होतो. पेशींत साठलेलं लोह म्हणजे हे खड्डे. त्याच्या आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र वाकडंतिकडं होतं, पाण्यातले प्रोटॉन ठेका सोडतात आणि त्यांच्याकडून येणारा संदेश विरून जातो. तो विरायला किती वेळ लागतो ते मोजलं की झाला टी-टू-स्टार. खड्डे जास्त, वेळ कमी.

प्रत्यक्षात काय करतो? एका श्वासात हृदयाच्या एकाच कापाची आठ चित्रं घेतो, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोनेक मिलिसेकंद उशिराचं. ती ओळीने लावली की डोळ्यांनाच कळतं. निरोगी हृदय आठव्या चित्रातही बऱ्यापैकी करडं राहतं. तुमच्या लेकीच्या ओळीत सहाव्या-सातव्या चित्रापासून हृदयाची भिंत काळवंडायला लागली असणार. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात यकृताचा तुकडा येतो. तो तिसऱ्या-चौथ्या चित्रापर्यंत काळाठिक्कर पडला असेल. सेंटरवाले सीडी देतात, बघा एकदा उघडून.

मोजमाप डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्यावर, म्हणजे सेप्टमवर घेतात. बाहेरच्या भिंतीला फुप्फुसातली हवा आणि मोठ्या शिरा लागून असतात, तिथे लोह नसतानाही क्षेत्र बिघडतं आणि खोटं लोह दिसतं.

आता रेषा. २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदयात दखल घेण्याजोगं लोह नाही. १० ते २० म्हणजे आहे, औषध वाढवा. १० च्या खाली म्हणजे धोका. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या मंडळींनी २००१ साली ही पद्धत मांडली. पुढे २००९ मध्ये ६५२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात ज्यांचं हृदय निकामी व्हायला लागलं, त्यांच्या ९८ टक्के स्कॅनमध्ये आकडा १० च्या खाली होता. ब्रिटनमध्ये १९९९ नंतर थॅलेसेमियाचे मृत्यू ठळकपणे कमी झाले, त्याचं मोठं श्रेय हृदयातलं लोह वेळेत कळण्याला आणि त्याप्रमाणे औषध बदलण्याला दिलं जातं.

पंपिंग ६१ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इकोत दिसतं ते हृदयाचं काम. लोह साठत असताना ते काम बराच काळ नीट चालतं आणि मग अचानक ढासळतं. ११.८ ला कळलं, ही वेळेवर मिळालेली बातमी आहे.

---

चाळिशीपार

अत्यंत माहितीपूर्ण. एक भाबडा प्रश्न. आमच्या गावात ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं नवंकोरं एमआरआय यंत्र आलंय, भारी म्हणून जाहिरात चालू आहे. तिथेच का करू नये?

---

काळंपांढरं

मेंदू, गुडघा यासाठी जरूर करा. लोहासाठी भारी यंत्र म्हणजे भारी उत्तर असं नाही. ३ टेस्लावर संदेश साधारण दुप्पट वेगाने विरतो. वर दिलेल्या २० आणि १० या रेषा १.५ टेस्लाच्या आहेत, त्या तिथे जशाच्या तशा लागत नाहीत. यकृत लोहाने ठासून भरलेलं असेल तर पहिलं चित्र निघायच्या आधीच संदेश संपलेला असतो. मोजणार काय, काळोख?

सोनचाफा ताई, तुमच्या ७.७ बद्दल एक सांगायचं राहिलं. यकृताचे मिलिसेकंद मिलिग्रॅममध्ये बदलायला एकाहून जास्त सूत्रं वापरात आहेत. १००० ला ३.४ ने भागलं की २९४ येतात, याला आर-टू-स्टार म्हणतात. एका सूत्राने त्याचे ७.७ होतात. दुसऱ्या, तितक्याच मान्य सूत्राने ९.२. पुढच्या वर्षी दुसरीकडे केलं आणि ९.२ आलं तर घरात रडारड, आणि यकृतात मात्र काहीच बदललेलं नाही! म्हणून दरवर्षी तेच सेंटर, तेच यंत्र, आणि रिपोर्टात मूळ मिलिसेकंद लिहिलेले हवेतच. ढोबळ मानाने ३ ते ७ सौम्य, ७ ते १५ मध्यम, १५ च्या वर गंभीर.

आणि हो, या तपासणीला कॉन्ट्रास्ट लागत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: 'हृदयाचा टी-टू-स्टार मोजून मिलिसेकंदात देता का?' उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरं सेंटर.

---

पोटोबा

एवढे एमआरआय करण्यापेक्षा रोज सकाळी गव्हांकुराचा रस द्या, महिन्यात फरक

*(संपादित: प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे)*

---

लाल_पिशवी

पोटोबा, काढून टाकलात ते बरं केलंत. १९९८ मध्ये माझ्या मावशीने दिला होता. हिरवी मिशी यायची, बाकी काही नाही.

---

गोदाकाठ

रस राहू द्या, पण लोखंडी कढईचं काय? माझ्या भाच्याला मेजर आहे आणि आमच्या ताईने कढई, तवा, अगदी उलथनंसुद्धा माळ्यावर टाकलंय. पालक, गूळ, खजूर बंद. पोराला हलिवाचा लाडू दिसत नाही.

---

लाल_पिशवी

नियमित रक्त घेणाऱ्याच्या बाबतीत जेवणातलं लोह म्हणजे दरियामें खसखस. पिशवीतले २०० मिलिग्रॅम कुठे आणि पालकातले दोन-चार कुठे, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मात्र अजिबात नाही. थॅलेसेमिया इंटरमीडियावाल्यांचं वेगळं. त्यांना रक्त कमी लागतं, पण त्यांचं आतडंच हावरट होऊन जेवणातून लोह ओढत राहतं. त्यांनी जेवणाबरोबर चहा घ्यावा, चहाने लोह कमी शोषलं जातं. डॉक्टरने चहा प्या म्हणून सांगितलेला मी पाहिलेला एकमेव आजार.

---

वाफाळता_चहा

आयडीचं सार्थक झालं.

---

लीकाठी

आयर्लंडमधून, कॉर्कहून. इथल्या रुग्णालयात फिजिओ आहे, माहेर साताऱ्याचं.

सोनचाफा ताईंच्या सांध्यांच्या प्रश्नावर लिहिते. आधी सांगते की माझ्या पेशंटचं लोह वेगळ्या वाटेने आलेलं असतं. इथे हिमोक्रोमॅटोसिस घरोघरी आहे. एचएफई जनुकातला एक बदल आई आणि वडील दोघांकडून आला की आतडं आयुष्यभर गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं. आयरिश लोकांत साधारण ८३ माणसांत एकाकडे असे दोन्ही जनुक असतात. आपल्याकडे हा बदल जवळजवळ सापडतच नाही. उपचार काय, तर रक्त काढून टाकायचं. बाटलीभर रक्तातून तेच २००-२५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. लाल_पिशवी यांनी लिहिलेला आकडा वाचून मी थबकलेच. तुमच्याकडे बाटली आत जाते, माझ्याकडे बाहेर येते, आणि लोहाचं माप एकच.

पन्नाशीचा एक शेतकरी आला होता. तक्रार काय, तर चर्चच्या दारात लोकांशी हात मिळवताना तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळं दुखतात. मूठ वळली की तीच दोन मुळं सुजलेली. साधा म्हातारपणाचा संधिवात बोटांच्या टोकाकडचे सांधे धरतो. या दोन मुळांना क्वचितच हात लावतो. एक्स-रे काढला तर त्या दोन हाडांच्या डोक्यांवर, अंगठ्याकडच्या बाजूला, मासे धरायच्या गळासारखे बाकदार आकडे वाढलेले. सांध्याची फट अरुंद. मनगटाच्या कूर्चेत चुन्याची बारीक पांढरी रेघ. एक्स-रेवरून त्याचं लोह तपासलं, आणि मग यकृत. उलटा प्रवास! बोटांनी आजार सांगितला.

रक्त काढून काढून त्याचं फेरिटिन ५० वर आलं, यकृत सुधारलं, थकवा गेला. बोटं तशीच. तो मला विचारतो, 'लोह गेलं ना, मग?' लोह गेलं, पण त्याने केलेली मोडतोड राहिली. यकृत बरंच भरून येतं, हृदयही. कूर्चेचं तसं नाही.

---

काळंपांढरं

लीकाठी, सुंदर. बाकदार आकडे हा शब्दही ढापला.

तुमच्या पेशंटच्या आणि सोनचाफा ताईंच्या लेकीच्या पोटाचे एमआरआय शेजारी ठेवले तर ओळखू येतात. दोघांची यकृतं काळी. पण रक्त चढवून आलेलं लोह आधी प्लीहा आणि अस्थिमज्जेत साठतं, कारण जुन्या तांबड्या पेशी तिथेच मोडल्या जातात. ते दोन्ही काळे. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये प्लीहा नेहमीसारखी उजळ आणि पुढच्या टप्प्यात स्वादुपिंड काळं. (प्लीहा काढलेली असेल तर हा खेळ अर्धा संपला.)

स्वादुपिंड थॅलेसेमियातही बघायला हवं. ते बहुधा हृदयाच्या आधी भरतं. ते स्वच्छ असेल तर हृदयात लोह असण्याची शक्यता फार कमी. मधुमेहही तिथूनच सुरू होतो.

सांध्याबद्दल ताईंचा प्रश्न: नाही, गुडघ्याचा टी-टू-स्टार असा रोजच्या वापरातला आकडा नाही. यकृत-हृदयात आम्ही साठा मोजतो, सांध्यात इजा शोधतो.

---

एक_बाप

हे पूर्णपणे बरोबर नाही असं नम्रपणे सुचवतो. माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. त्याच्या घोट्याच्या एमआरआयमध्ये लोह चक्क दिसतं. सांध्यात वारंवार रक्तस्राव होतो, त्या रक्तातलं लोह अस्तरात बसतं. रिपोर्टात 'हिमोसिडेरिन' असा शब्द असतो आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा अस्तरावर काजळ फासल्यासारखे डाग होते, खऱ्या आकारापेक्षा मोठे.

---

काळंपांढरं

मान्य! तुमचंच बरोबर. तिथे लोह अंगभर वाढलेलं नसतं, सांध्यातच सांडलेलं असतं. एका विशिष्ट पद्धतीच्या चित्रात त्याचे डाग फुगून दिसतात. माझं वाक्य असं वाचा: अंगभर साठलेल्या लोहाचा सांध्यातला आकडा काढत नाही.

---

वैनगंगा

आमच्याकडे भंडारा-गडचिरोली भागात सिकलसेलचे पेशंट लई. त्यातले काही सारखं रक्त घेऊन राहिले, त्यांचंही यकृत भरते, हृदय मात्र थॅलेसेमियाएवढं भरत नाही. पण सांधा दुखला की सगळे म्हणतात आयर्न वाढलं असेल. असं नसते ना बाप्पा! सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडते आणि तो आतून मरते. एक्स-रे सुरुवातीला साफ येते, एमआरआयमध्ये आधी दिसते. आमच्या गावच्या एका पोरीला वर्षभर 'आयर्नचं दुखणं' म्हणून नुसत्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या, तोवर गोळा चपटा झाला होता. म्हणून सांगून राहिलो, ताई, गुडघा दुखते तर गुडघाच तपासा.

---

लाल_पिशवी

वैनगंगा यांना +१००. आणि ताई, मी दोन दिवस हेच विचारायचं विसरत होतो: लेक डेफेरिप्रोन घेते का? लाल लघवी होते ती गोळी?

---

सोनचाफा

हो. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या गोळीबरोबर सुरू केली. लघवी लाल होते, पहिल्या दिवशी आम्ही घाबरून रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावला होता.

---

लाल_पिशवी

मग उद्याच डॉक्टरांना गुडघ्याचं सांगा. स्वतःहून गोळी बंद करू नका. या औषधाने काही जणांचे सांधे धरतात, बहुधा गुडघे. भारतातल्या पेशंटमध्ये हे बरंच दिसलंय. मला २००६ मध्ये झालं. उकिडवं बसता येईना. मी ते लोहावर ढकललं आणि डबल डोस घेऊ का असं विचारायला गेलो होतो! गुडघ्याच्या एमआरआयमध्ये पाणी भरलेलं आणि अस्तर जाड झालेलं निघालं. औषध थांबवल्यावर तीन-चार महिन्यांत बसायला लागलो.

पेच असा, की हृदयातलं लोह काढायला हीच गोळी फार चांगली. म्हणून निर्णय तुम्ही-आम्ही घ्यायचा नाही.

---

चाळिशीपार

अवांतर होतंय, पण राहवत नाही. माझं फेरिटिन ६५० आलंय. रक्त कधी चढवलेलं नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. हा धागा वाचून झोप उडाली. एमआरआय करून टाकू का?

---

काळंपांढरं

झोपा. पोट सुटलेलं, साखर काठावर, अधूनमधून 'बसणं' असेल, तर फेरिटिन तेवढ्यानेही वाढतं. आधी ट्रान्स्फरिन सॅच्युरेशन ही रक्ताची स्वस्त तपासणी करा. ते ४५ टक्क्यांच्या खाली असेल तर लोह खरोखर साठलं असण्याची शक्यता कमी. सोनोग्राफीत चरबी दिसते, लोह दिसत नाही. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा कळतो, लोह नाही. सीटीत लोहाने भरलेलं यकृत उलट जास्त पांढरं दिसतं, पण थोडं लोह आणि बरीच चरबी एकत्र असली की दोघं एकमेकांना झाकतात. गरज पडलीच तर एमआरआय दोन्ही वेगळं करून दाखवतो. बाकी तुमचं नाव वाचून सांगतो, संध्याकाळी चाला.

---

स्कॅनवाला_भाऊ

मी यंत्रावर बसणारा टेक्निशियन. सगळे आकड्यांवर बोलतायत, पण आकडा बिघडतो श्वासाने. आम्ही माईकवरून 'श्वास घ्या, सोडा, थांबा' म्हणतो. सोडून थांबायचं असतं, पोरं छाती फुगवून थांबतात. मधेच श्वास घेतला की आठही चित्रं हलतात आणि सेप्टमवर गोल काढता येत नाही. आदल्या आठवड्यात घरी आडवं झोपवून सराव करून घ्या, पंधरा-वीस सेकंद. छातीवर ईसीजीच्या चकत्या, वर जड जाळी, आत ठकठक आवाज, हे आधी सांगून ठेवा. घाबरलेल्या पोराच्या नाडीचा वेग वाढतो आणि आमचं टायमिंग चुकतं.

---

सोनचाफा

सगळ्यांना अपडेट. गुडघ्याचा एमआरआय झाला. दोन्ही गुडघ्यांत पाणी, अस्तर जाड, कूर्चा सध्या ठीक. लाल_पिशवी दादा, तुम्ही म्हणालात तेच. डॉक्टरांनी डेफेरिप्रोन थांबवलं आणि दुसऱ्या गोळीच्या जोडीला रात्रीचा पंप सुरू केला. लेकीने पंप बघून दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्याला पाऊच शिवायला बसली, चॉकलेटी रंगाचं, वर बटण.

स्वादुपिंडाचंही विचारलं. त्यात थोडं लोह आहे, साखर अजून ठीक. उंची आणि पाळीसाठी हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. तिथेही लोहच, पिट्युटरीत, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीत. कुठे कुठे जाऊन बसतं हे!

---

लीकाठी

पंप कुठे टोचता? जागा रोज बदला, गाठ आलेल्या जागी परत नको. गुडघ्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूचे बसल्या बसल्या करायचे व्यायाम व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवते. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला आधी.

---

सोनचाफा (तेरा महिन्यांनी)

नमस्कार. आईचा आयडी आहे, पण मी लेक. हा धागा मी आज पहिल्यांदा वाचला. आईने माझ्या गुडघ्यांपासून पाळीपर्यंत सगळं जगाला सांगितलंय, त्याबद्दल घरी वेगळी चर्चा होईल.

परवा परत स्कॅन झाला. तेच सेंटर, तेच यंत्र, तेच काका माईकवर. हृदय १४.१. यकृत ५.६, म्हणजे त्यांच्याच सूत्राने ४.७. गुडघे दुखायचे चौथ्या महिन्यातच थांबले. पंप अजून आहे, त्याला आता तिसरं पाऊच.

श्वास मी बावीस सेकंद धरला. आदल्या आठवड्यात आजोबांच्या घड्याळावर सराव केला होता, त्यांनीही केला, ते अकराव्या सेकंदाला सुटले.

सीडी घरी उघडून दोन्ही वर्षांच्या आठ-आठ चौकटी एकाखाली एक लावल्या. गेल्या वर्षी सातवी चौकट मला काळीच वाटली होती. या वेळी ती करडी आहे असं मला दिसतंय. आई म्हणते, तुला तसं बघायचंय म्हणून दिसतंय. काळंपांढरं काका, कोण बरोबर?

---

काळंपांढरं

बाळा, डोळ्यांवर जाऊ नकोस, पडद्याचा उजेड वाढवला तर काहीही करडं दिसतं. ११.८ चे १४.१ झाले, तो आकडा खरा. एवढ्या वेळात हृदयाकडून एवढीच हालचाल अपेक्षित असते.

आणि इथे कुणाचे रिपोर्ट तपासत नाही असं मी वर लिहून ठेवलंय. सातवी चौकट व्यनित पाठव.